पोरोस ते हायड्रा, शिडाच्या बोटीने एक दिवस: निघायचं कधी, नांगर कुठे, साखळी किती?

खाडीकर यांचा प्रश्न:

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीसच्या सारोनिक आखातात चौघांनी ३८ फुटी बोट भाड्याने घेतली आहे. बोटीचा पाण्याखालचा भाग २ मीटर, नांगराची साखळी ५० मीटर, पुढचं शीड (जेनोआ) गुंडाळायची सोय, मुख्य शिडाला (मेन) आवरून लहान करायच्या दोन पायऱ्या (रीफ). दोघांकडे परवाना आहे आणि मुंबई बंदरातल्या छोट्या बोटींवरचा सराव आहे. उरलेले दोघे नवखे. एका दिवसाचा बेत असा: सकाळी पोरोसहून निघून केप स्किली या भूशिराला वळसा घालायचा, हायड्राच्या बंदरात जेवायला थांबायचं आणि संध्याकाळी मुक्कामाला एर्मिओनी गाठायचं. नकाशावर पहिला टप्पा १२ सागरी मैल आणि दुसरा ११ मैल भरतो.

प्रश्न तीन आहेत. वारा कधी कुठून येईल आणि त्याप्रमाणे निघायचं किती वाजता? पाठ धक्क्याला लावून, पुढे स्वतःचा नांगर टाकून बोट बांधायची तिथली पद्धत नेमकी कशी करतात? मुंबईत असं कुणी करत नाही, त्यामुळे पुस्तकापलीकडे काहीच माहीत नाही. आणि हा बेत एका दिवसात बसतो का?

---

मतलई यांचं उत्तर:

आधी वारा, कारण घड्याळ त्यावरच लावायचं आहे.

जुलैत तिथे दोन प्रकारचे दिवस असतात. पहिला मेल्टेमीचा. बाल्कनवर जास्त दाब आणि तुर्कस्तानावर कमी दाब असतो, त्या फरकातून हा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. तुर्कस्तानावरचा तो कमी दाब म्हणजे आपल्याच मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचं पश्चिमेकडचं टोक. इकडे पाऊस जोरात असतो त्याच महिन्यांत तिकडे मेल्टेमी चालतो. सारोनिक आखातात त्याचा जोर सिक्लाडीझ बेटांपेक्षा कमी असतो, तरी दुपारी वाऱ्याच्या बोफर्ट मोजपट्टीवर ५, म्हणजे १७ ते २१ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), आणि कधी ६ सहज होतो. आकाश निळं, दृश्यमानता उत्तम आणि बॅरोमीटर जवळजवळ स्थिर. ढग पाहून वाऱ्याचा अंदाज बांधायची सवय असेल तर तिथे ती उपयोगाची नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मेल्टेमी नसलेला दिवस. त्या दिवशी शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे तंतोतंत चालतात. पहाटे जमिनीकडून हलकी झुळूक, आठ-नऊला वारा पूर्ण पडतो, अकरा-बाराला समुद्राकडून, म्हणजे दक्षिणेच्या अंगाने, खारा वारा सुरू होतो. तो तीन ते पाचच्या दरम्यान सर्वांत जोरात असतो आणि सूर्यास्ताला विरतो.

आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी ग्रीक हवामान खात्याचा सागरी अंदाज बघा. त्यात सारोनिकचा वेगळा उल्लेख असतो आणि आकडे बोफर्टमध्ये असतात. उत्तर ५ लिहिलं असेल तर हायड्राच्या उत्तर किनाऱ्यावर थांबायचा विचार सोडून द्या, कारण हायड्राचं बंदर उत्तरेलाच उघडं आहे.

दोन्ही प्रकारच्या दिवशी निघायची वेळ मात्र एकच येते: सकाळी सात. त्यामागचं कारण वाऱ्याइतकंच जागेचं आहे. हायड्राचं बंदर छोटं आहे. रात्री थांबलेल्या बोटी नऊ ते अकराच्या दरम्यान निघतात आणि दीड-दोनपर्यंत बंदर पुन्हा गच्च भरतं. म्हणजे तुमच्यासाठी खिडकी साडेदहा ते बारा. उलट मोजत या: १२ मैल, ५ नॉट धरले तर जवळपास अडीच तास, त्यात शीड चढवायला आणि स्किलीला वारा पडला तर तासभर राखून ठेवायचा. सातला दोर सोडले की साडेदहाला पोहोचता.

मार्गाबद्दल थोडं. पोरोस शहर आणि समोरचं गालातास यांच्यामधली खाडी अरुंद आहे. खोल पाणी शहराच्या बाजूला आहे, गालातासकडे तळ वर येतो. २ मीटरच्या बोटीने शहराच्या धक्क्याकडची बाजू धरूनच जावं. पूर्वेला बूर्त्झी नावाचं किल्ल्याचं छोटं बेट मागे पडलं की पाणी मोकळं होतं. तिथे नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्यात धरून मेन चढवा. इंजिन बंद करायची घाई नको. पाच मैलांवर केप स्किली आणि त्याच्या बाहेरची त्सेलेविनिया बेटं लागतात. बेटं आणि भूशीर यांच्यामधून वाट आहे, पण पहिल्या खेपेला बाहेरूनच जा. अंतर थोडंसंच वाढतं. वळण घेतलं की हायड्रा समोर दिसतं.

त्या पट्ट्यात ३० नॉटच्या वरच्या वेगाने धावणाऱ्या प्रवासी बोटी सतत ये-जा करतात. शिडावर असलात तर नियमाने वाट तुमची, पण तो हक्क बजावत बसू नका. हातातल्या होकायंत्रावर तिची दिशा घ्या, अर्ध्या मिनिटाने पुन्हा घ्या. दिशा बदलत नसेल आणि ती जवळ येत असेल तर टक्कर ठरलेली. लवकर आणि ठळक वळा, म्हणजे समोरच्याला तुमचा इरादा कळतो. ऐनवेळचं पाच अंशांचं वळण त्याला दिसतसुद्धा नाही.

---

सुकाणू_उजवीकडे यांचं उत्तर:

वाऱ्याबद्दल वरचं सगळं पटलं. मी फक्त धक्क्यावरच्या कामाबद्दल लिहितो. सारोनिकमध्ये शीड चालवणं सोपं आहे, खरी परीक्षा शेवटच्या ५० मीटरांत असते.

साखळी किती आणि नांगर कुठे, याचा हिशोब असा. नांगर पडतो तिथे खोली समजा ७ मीटर. त्यात नाळेची पाण्यावरची उंची सव्वा मीटर मिळवा, म्हणजे ८ पेक्षा थोडी जास्त. पाचपट केली की ४० मीटर साखळी. आता बहुतेकांची चूक इथे होते: ४० मीटर साखळी हवी म्हणून नांगर धक्क्यापासून ४० मीटरवर टाकतात. पण बांधल्यावर बोटीची पिछाडी धक्क्याला असते आणि नाळ १२-१३ मीटर बाहेर. साखळी नाळेपासून मोजायची. म्हणजे नांगर धक्क्यापासून ५२-५३ मीटरवर, बोटीच्या साडेचार लांब्यांवर पडायला हवा. ४० वर टाकलात तर साखळी २७ मीटरच पसरते, गुणोत्तर तिपटीवर येतं आणि दुपारच्या वाऱ्यात नांगर घसरत धक्क्याकडे येतो. पिछाडी दगडावर आपटते ती अशी.

आता वेग. १ नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ मीटर. विंडलास, म्हणजे साखळी सोडायचं-ओढायचं यंत्र, बटणावर साखळी सोडते ती साधारण मिनिटाला २५ मीटरच्या आसपास. तुम्ही दीड नॉटने मागे जात असाल तर ४० मीटर अंतर ५२ सेकंदांत कापता, तेवढ्या वेळात साखळी सुटते २२ मीटर. ती ताणली जाते, नांगर रुतायच्या आधीच खेचला जातो, नाळ वाऱ्याबरोबर फिरते आणि बोट शेजाऱ्यावर आडवी जाते. यावर उपाय म्हणजे विंडलासचा क्लच विंचच्या दांड्याने सैल करून साखळी मोकळी सोडायची आणि त्याच दांड्याने हलका ब्रेक देत राहायचं, नाहीतर साखळीचा ढीग एकाच जागी पडतो. बोटं आणि पाय साखळीपासून लांब, पायात बूट, हे काम अनवाणी अजिबात नाही. पोरोसमध्येच मोकळ्या पाण्यात दोनदा सराव करा. तोवर बटणच वापरणार असाल तर मागे जाण्याचा वेग नॉटच्या आत ठेवा, मात्र वारा बाजूने असला की एवढ्या कमी वेगात सुकाणू नीट धरत नाही.

प्रत्यक्ष क्रम:

बंदरात शिरायच्या आधी, बाहेरच्या शांत पाण्यात, दोन्ही बाजूंना फेंडर (धक्का सोसणाऱ्या फुगीर पिशव्या) आणि एक मोठा फेंडर पिछाडीला. मागचे दोन दोर क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंट्यावर) पक्के करून, कठड्याखालून बाहेर काढून, गुंडाळून हातात तयार. दोर कठड्याच्या वरून नेला तर ताण आल्यावर कठडा वाकतो. नांगराची पिन काढून तो हातभर खाली लोंबता ठेवा, म्हणजे ऐनवेळी अडकत नाही.

जागा हेरा. दोन बोटींच्या मधली फट बघताना त्यांच्या साखळ्या कुठल्या दिशेला जातात ते नाळेवरच्या माणसाने बघायचं. नांगर वाऱ्याच्या बाजूला एक-दीड बोटरुंदी सरकवून टाका, मागे जाताना वारा तुम्हाला फटीसमोर आणतो.

बोटीला एकच पंखा असेल आणि पुढे जाताना तो उजवीकडे फिरत असेल तर मागे जाताना पिछाडी सुरुवातीला डावीकडे ओढली जाते. पंखा लांब दांड्यावर (शाफ्ट) असलेल्या बोटीत हे ठळक जाणवतं, खाली उतरलेल्या उभ्या पायावर (सेलड्राइव्ह) असलेल्या बोटीत कमी. वेग दीड नॉटच्या पुढे गेला की सुकाणू लागू पडतं. म्हणून लांबून, सरळ रेषेत मागे यायला सुरुवात करा. फटीच्या तोंडाशी येऊन वळायचा प्रयत्न केला तर तेवढी जागा उरत नाही. दोन सुकाणू असलेली नवी बोट असेल तर पंख्याचं पाणी सुकाणूवर पडत नाही, त्यामुळे पुढच्या गिअरचा झटका देऊन ती वळत नाही.

पिछाडी धक्क्यापासून दोन मीटरवर आली की साखळी थांबवा. वाऱ्याकडचा दोर आधी धक्क्यावर, नंतर दुसरा. उलट क्रम केला तर पिछाडी वाऱ्याबरोबर शेजाऱ्याला चिकटते. दोन्ही दोर लागले की विंडलासने साखळी दीड-दोन मीटर आत घ्या. मग इंजिन मागच्या गिअरमध्ये हळूहळू २००० फेऱ्यांपर्यंत न्या आणि शेजारच्या बोटीच्या डोलकाठीकडे नजर ठेवा. काठी जागची हलत नसेल तर नांगर धरलाय. बोट मागे सरकत असेल तर दोर सोडून, बाहेर जाऊन पुन्हा टाका. लाज वाटायचं कारण नाही, तिथे सगळेच करतात.

शेवटी पिछाडी आणि धक्का यांत सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा आणि धक्क्यावर उतरायची फळी उचलून ठेवा. प्रवासी बोट आली की तिच्या लाटेने बोट पुढे-मागे हलते आणि धक्क्यावर टेकलेली फळी दोन तुकडे होते.

---

नाळेवरची यांचं उत्तर:

मला बेताबद्दलच आक्षेप आहे. हायड्राच्या बंदरात जेवायला थांबून दोनला निघायचं हे कागदावर छान, पण तुम्ही अकराला नांगर टाकल्यावर एक वाजेपर्यंत तुमच्या साखळीवर आणखी दोन-तीन नांगर पडलेले असतात. बंदर अरुंद, बोटी तिन्ही बाजूंनी बांधलेल्या आणि सगळ्यांच्या साखळ्या मध्यभागी एकमेकींवर. दुपारचा वारा भरलेला असताना ती गुंतवळ सोडवायची, तीही दोन नवख्यांसह? हायड्राला शिरायचं तर रात्र तिथेच काढा आणि सकाळी नऊला शांत हवेत निघा. एका दिवसात एर्मिओनी हवं असेल तर बंदर टाळा.

मग हायड्रा बघायचं कसं? दोन मार्ग आहेत. उत्तरेचा वारा नसेल तर बंदराच्या पूर्वेला मैलभरावर मांद्राकीचा उपसागर आहे, तिथे नांगर टाकून पाण्यावरच्या टॅक्सीने गावात जा. एक परवानाधारक बोटीवर थांबलाच पाहिजे. किंवा मुक्काम एर्मिओनीला आणि दुसऱ्या दिवशी तिथून प्रवासी बोटीने हायड्रा. गावात मोटारगाड्यांना बंदी आहे, सामान खेचरं वाहतात. धक्क्यावरून वर चढत जाणाऱ्या दगडी घरांमध्ये नुसतं चालायला अर्धा दिवस हवाच. तासाभरात जेवून निघण्याची ती जागा नव्हे.

माझ्या मते तुमचा दिवस असा असावा: सातला पोरोस, नऊच्या सुमारास स्किली, तिथून हायड्राच्या उत्तर किनाऱ्याला अर्धा-पाऊण मैल अंतर ठेवून पश्चिमेला. जास्त जवळ जाऊ नका. बेटाचा डोंगर जवळपास ६०० मीटर उंच आहे. वारा दक्षिणेचा असला की तो डोंगरावरून घसरून झटक्यांनी खाली येतो, १० नॉट वाटत असताना एकदम २० चा फटका बसतो. पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा सरकत येताना दिसला की मेनचा दोर हातात घ्या. सतत १८ नॉट दिसायला लागले की पहिला रीफ. बोट फार कलून सुकाणू जड होईपर्यंत थांबू नका. जेनोआ आधी थोडी गुंडाळा, मग मेन.

जेवायला डोकोस. हायड्रा आणि मुख्यभूमी यांच्यामधलं हे जवळजवळ निर्मनुष्य बेट, उत्तरेकडच्या स्किंतोसच्या उपसागरात चांगला आडोसा मिळतो. याच बेटाजवळ १९७५ मध्ये सागरी पुरातत्त्वज्ञ पीटर थ्रॉकमॉर्टन यांना कांस्ययुगातल्या, इ.स.पूर्व २२०० च्या सुमाराच्या जहाजाचा माल सापडला. मडक्यांचा ढीग उरला होता, लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं.

नांगर टाकताना पाण्याचा रंग बघा. फिकट निळसर-हिरवा म्हणजे वाळू, गडद ठिपके म्हणजे पोसिडोनियाचं गवत. गवतात नांगर रुतत नाही, वर गवताचा गठ्ठा घेऊन घसरतो. शिवाय त्याची वाढ वर्षाला काही सेंटिमीटरच होते आणि एक ओढलेला नांगर ते मुळासकट उपटतो. ५ ते ८ मीटरवर वाळू शोधा, ४० मीटर साखळी सोडा, आणि चष्मा लावून पोहत जाऊन नांगराचं टोक खरंच आत गेलंय का ते डोळ्यांनी पाहा. पाणी इतकं स्वच्छ असतं की वरूनही दिसतं.

तीनला डोकोसहून निघालात तर उरलेल्या अंतराला दीड तासही लागत नाही. एर्मिओनी एका चिंचोळ्या भूशिराच्या दोन्ही अंगांना वसलंय, टोकाला पाइनची झाडं. धक्के उत्तरेला आणि दक्षिणेलाही आहेत. खाऱ्या वाऱ्याच्या दिवशी दक्षिणेचा धक्का उघडा पडतो, तेव्हा उत्तरेकडे जा.

---

खाडीकर:

बेत बदलतो. डोकोस आणि मग एर्मिओनी. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. साखळ्या गुंतल्याच तर सोडवायच्या कशा? आणि भरती-ओहोटीचा हिशोब काय धरायचा?

---

सुकाणू_उजवीकडे:

गुंता सोडवणं. नांगर वर घेताना विंडलास कुरकुरायला लागली, बोट पुढे ओढली जातेय आणि साखळी येत नाहीये, की थांबा. इंजिन चालू आहे ना ते आधी बघा. तसंच खेचत राहिलात तर विंडलासचा ब्रेकर उडतो. तो कुठे बसवलाय हे बोट ताब्यात घेतानाच दाखवून घ्या.

हळूहळू खेचत नांगर वर आणा. त्याच्या फाळावर दुसऱ्याची साखळी आडवी लोंबकळताना दिसेल. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलो भरते, त्यामुळे हाताने उचलायला जाऊ नका. एक १० मीटरचा दोर घ्या. टोक एका क्लीटवर बांधा, दुसरं टोक बोटहुकाने त्या परक्या साखळीच्या खालून फिरवून वर आणा आणि त्याच बाजूच्या क्लीटवर दोन वेढे देऊन धरा. आता तिचं वजन दोरावर आहे. स्वतःचा नांगर मीटर-दीड मीटर खाली सोडा. फाळ त्या साखळीखालून निसटतो आणि नांगर फिरतो. जरा मागे जा, नांगर मोकळा दिसला की पूर्ण वर घ्या. मग दोराचं वेढे दिलेलं टोक सोडा, साखळी पाण्यात पडते. गाठ मारलेला दोर ताणाखाली सुटत नाही, म्हणून वेढेच. काही बोटींवर यासाठी तयार आकडा असतो, पोरोसला निघण्यापूर्वी लॉकरमध्ये आहे का बघा.

ज्याची साखळी आहे त्याला आधी हाक मारून सांगा. त्याने दोन-चार मीटर साखळी सैल सोडली तर काम निम्म्यावर येतं.

---

मतलई:

भरती-ओहोटी. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, सारोनिकमध्ये वितभर. युबिया बेटाजवळच्या खाल्कीदाच्या सामुद्रधुनीत प्रवाह जोरात वाहतो आणि दिशा बदलतो, पण ती तुमच्या वाटेवर नाही. म्हणजे कोष्टक नको, धक्क्यावरच्या दोरांना चढ-उताराची ढील नको, नकाशावरची खोली ती जवळपास खरी खोली.

पण याचीच दुसरी बाजू नीट लक्षात घ्या. मुंबईच्या चिखलात बोट रुतली तर पुढची भरती तिला उचलते. तिथे तळ बहुतेक ठिकाणी खडक आणि उचलायला भरतीच नाही. किनाऱ्याजवळ, बेटांमधल्या फटींत, अनोळखी उपसागरात शिरताना वेग २ ते ३ नॉट, नाळेवर एक माणूस, सूर्य पाठीमागे असेल अशी वेळ. समोरून ऊन आलं की पाण्यातला खडक दिसत नाही. खोली मोजणारं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतंय की कीलखालून, म्हणजे बोटीच्या सर्वांत खालच्या टोकापासून, हे पहिल्याच दिवशी विचारा. २ मीटरचा फरक आहे तो.

---

वल्हं:

दोघे नवखे आहेत म्हणून एवढंच. बोट लागते ती बहुधा पहिल्या दिवशी, खाली केबिनमध्ये सामान शोधताना. गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटी निघू नका, सकाळी पाव किंवा बिस्किटं, आलं. दुपारचं जेवण सकाळी सहाच्या सुमारासच बांधून वर कॉकपिटमध्ये ठेवा, म्हणजे स्किलीच्या वळणावर कुणाला खाली जावं लागत नाही. त्रास होतोय असं वाटलं की त्याला सुकाणू द्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. पाणी माणशी ३ लिटर, टोपीला दोरी.

व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर कायम चालू. चौघांनाही तो लावता आला पाहिजे आणि बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, माणसं किती हे त्या क्रमाने सांगता आलं पाहिजे. फोनवर ग्रीक तटरक्षक दल १०८, युरोपभरचा आपत्कालीन क्रमांक ११२. हे सगळं एका कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा.

आणि कागदपत्रांत दुसऱ्या परवानाधारकाचं नाव आहे ना ते तपासा. ग्रीसमध्ये कप्तानाबरोबर अनुभवी सहकारी म्हणून दुसरी व्यक्ती नोंदवावी लागते. तुमचा परवाना तिथे चालतो का हे बोट देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या, विमानाची तिकिटं काढायच्या आधी.

---

खाडीकर:

साखळीवरच्या खुणा दर १० मीटरला रंगवलेल्या असतात का?

---

सुकाणू_उजवीकडे:

असतात, पण रंग उडालेला असतो आणि प्रत्येक कंपनीची रंगांची पद्धत वेगळी. बोट ताब्यात घेताना साखळी धक्क्यावर काढून मोजा. १०, २०, ३०, ४० मीटरवर कडीला रंगीत प्लास्टिकचे पट्टे बांधा: एक, दोन, तीन, चार. ते विंडलासच्या चाकातून न अडकता जातात. शेवटचं टोक बोटीला दोराने बांधलेलं आहे का तेही त्याच वेळी बघा. क्लच सैल राहिला तर ५० मीटर साखळी त्या एका दोरावरच थांबते.